पाटी मराठी, पान इंग्रजी

सप्टेंबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, दंडाची धास्ती बसली आणि माहीमच्या एलजे रोडवरच्या पाट्यांना मराठीचा उमाळा आला. वेबसाइटला मात्र कुणाची भीती? कोपऱ्यातलं 'मराठी' बटण दाबा. मेनू तेवढा बदलतो, खाली सगळं इंग्रजीच. मजकूर थेट टेम्प्लेटमध्येच ठोकलेला, भाषेची वेगळी फाइल करायचे कष्ट कोण घेणार? जिथे घेतले, तिथे अर्ज एक असो वा चाळीस, वाक्य एकच: '40 अर्ज मिळाला'. एकवचन-अनेकवचनाचे नियम युनिकोडच्या सीएलडीआर या भाषाविषयक माहितीसाठ्यात मराठीसकट फुकट मिळतात. पण निविदा काढल्याशिवाय आलेलं व्याकरण आपल्याला पचत नाही. पाटीवरची अक्षरं मोजणाऱ्या निरीक्षकांनी एकदा ते बटणही दाबून बघावं. दंडाची पावती मात्र ऑनलाइन देऊ नये. ती इंग्रजीत निघेल.