काचेतली साखर

'मो दाओ झू शी' ही मो श्यांग थोंग श्यू या टोपणनावाने लिहिणाऱ्या चिनी लेखिकेची कादंबरी. २०१५-१६ मध्ये ती क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रेतांची फौज आहे, तुकडे करून ठिकठिकाणी दडवलेला एक मुडदा आहे, कत्तल झालेले अख्खे घराणे आहे आणि दोन पुरुषांचे प्रेम आहे. यांतले पहिले तिन्ही प्रकार वाचक निमूट सोसतो. त्याचा धीर सुटतो तो चौथ्याला लागणाऱ्या वेळेमुळे.

पुरुषांच्या परस्परप्रेमाच्या अशा चिनी कथांना 'दानमेई' म्हणतात. शब्द जपानीतून आला. अर्थ साधारण 'सौंदर्यात बुडून जाणे' असा. या कथा बहुतांशी स्त्रियाच लिहितात आणि स्त्रियाच वाचतात. बुडून जाण्याचे काम मुख्यतः वाचकांकडे असते, कारण पात्रांना लढायांतून सवड होत नाही.

वाचकाची पहिली अवस्था गोंधळाची. कथेतल्या प्रतिष्ठित पुरुषांना जन्मनाव, मोठेपणीचे नाव आणि पदवी अशी तीन-तीन नावे असतात. वेई यिंग, वेई वूश्येन आणि यीलिंगचा पितामह हे एकच गृहस्थ, म्हणजे नायक. लान झान, लान वांगजी आणि हानग्वांग-च्युन हेही एकच, म्हणजे प्रेमातला दुसरा. पार्थ, धनंजय आणि सव्यसाची हे तिघे जण नव्हेत हे लहानपणीच पाठ झालेल्या वाचकाला याचे ओझे वाटू नये, पण वाटते. इंग्रजी आवृत्तीला नावांची सूची जोडली आहे. वाचक एक बोट कथेत आणि एक सूचीत ठेवून पहिला खंड पार करतो. त्यातच कथा नायकाच्या मृत्यूच्या बातमीने सुरू होते, ती ऐकून लोक आनंद साजरा करतात, आणि तेरा वर्षांनी नायक भलत्याच्याच देहात जागा होतो. म्हणजे सूचीत आणखी एक नाव.

दुसरी अवस्था हिशेबाची. चिनी वाचकांच्या बोलीत गोड प्रसंगाला 'साखर' आणि काळीज कापणाऱ्या प्रसंगाला 'सुरी' म्हणतात. अशा कथेत साखर कमी आणि सुऱ्या फार, म्हणून 'काचेच्या तुकड्यांतून साखर वेचणे' असा वाक्प्रचारच रूढ झाला. वाचक वेचतो, बोटे कापून घेतो आणि पुढचे पान उलटतो.

साखरेचा मुख्य पुरवठा लान वांगजीकडून होतो, आणि हा मनुष्य बोलत नाही. त्याच्या घराण्याचे नियम तीन हजारांवर आहेत व ते दगडावर कोरलेले आहेत. त्याचे नेहमीचे उत्तर 'हं' एवढेच. या एका अक्षरावर वाचकांनी जेवढे भाष्य केले, तेवढे सूत्रग्रंथांच्याच वाट्याला येते. पाळीव प्राणी निषिद्ध असलेल्या त्या घराण्यात तो नायकाने दिलेले ससे सांभाळतो: साखर. एका पेल्यात त्याला चढते, तो कपाळावरच्या फितीने नायकाचे हात बांधतो आणि त्याला शिष्यांसमोर मिरवतो: साखर. त्या फितीला जवळचे नातलग आणि जोडीदार यांखेरीज कुणी हात लावायचा नसतो, हे नंतर कळते: साखर, व्याजासह. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. इथे काच.

नायकाची तऱ्हा उलटी. मेलेल्याचे मन त्याला कळते, शेजारी चालणाऱ्याचे कळत नाही. लान वांगजीने आपल्याला हाकलून द्यावे म्हणून तो त्याच्यावर प्रेम असल्याचे नाटक करतो. लान वांगजी त्याला हाकलत नाही. याचा अर्थ प्रत्येक वाचकाला कळलेला असतो. पुस्तकावर ओरडण्याचा प्रघात या प्रकरणांत पडला असावा.

तिसरी अवस्था भांडणाची. विषय ठरलेला: नायकाचा मानलेला भाऊ च्यांग चंग. एक पक्ष म्हणतो, त्याने भावाला वाऱ्यावर सोडले. दुसरा म्हणतो, आईबाप, बहीण आणि घर गमावलेल्या पोराकडून आणखी काय अपेक्षा करता? दोन्ही पक्षांकडे तीच पाने पुराव्याला असतात. बहीण च्यांग यानली हिच्याबाबत मात्र एकमत आहे. तिने भावांसाठी शिजवलेले कमळकाकडी आणि बरगड्यांचे सूप वाचक स्वतःच्या स्वयंपाकघरात करून पाहतात. तिचा मृत्यू ही या कथेतली सर्वांत धारदार सुरी. त्यानंतर सूप खारट होते, मीठ न घालता.

अखेर प्रेम उघड होते ते एका देवळात. बाहेर वादळ, आत खलनायकाने सगळ्यांना ओलीस धरलेले. अशा वेळी नायकाला लान वांगजीच्या प्रेमाची खरी गोष्ट त्याच्या भावाकडून कळते आणि तो भर मंडळींत मनातले सगळे बोलून टाकतो. खलनायकालाही ऐकून घ्यावे लागते. एवढा धीर धरल्यावर आपल्याला एकांत मिळायला हवा होता, असे काही वाचक म्हणतात. इतक्या साक्षीदारांमुळे आता माघार नाही, असे बाकीचे.

२०१९ मध्ये यावर पन्नास भागांची चिनी मालिका आली. सेन्सॉरच्या धाकाने प्रेमाचे जिवलग मैत्रीत रूपांतर झाले. चिनी प्रेक्षकांनी गंभीर चेहऱ्याने तिला 'समाजवादी बंधुभाव' असे नाव दिले आणि पाहणे चालू ठेवले. मालिकेत विरह तेराऐवजी सोळा वर्षांचा झाला, तीन वर्षांची सुरी जादा. पण 'हं'मधून अख्खे प्रकरण वाचायला शिकलेल्यांपासून काही लपवणे कठीण होते. दोघांनी एकमेकांकडे नुसते पाहिले तरी प्रेक्षकांचे भागत असे.

चौथी अवस्था पुन्हा वाचण्याची. नायक परतल्यावर लवकरच एक सूर वाजवतो आणि लान वांगजी त्याचे मनगट धरतो. हा सूर जगात दोघांनाच ठाऊक होता, म्हणजे ओळख तिथेच पटली होती, हे दुसऱ्या वाचनात उमगते. पहिल्या वेळी कोरडी गेलेली पाने साखरेने भरलेली निघतात. हिशेब नव्याने मांडावा लागतो.

यानंतर वाचक आता असले काही वाचणार नाही असे ठरवतो आणि त्याच लेखिकेची पुढची कादंबरी उघडतो. तिच्यात वाट पाहण्याची मुदत आठशे वर्षे आहे.