गाडी फिरलीय कुठे?

नव्या गाडीच्या टायरांना पहिलं काम मिळतं ते लिंबू चिरडण्याचं. चार टायर, चार लिंबं. शोरूमवाला पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात देऊन फोटो काढतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं, आजी भाकरतुकडा ओवाळून टाकते, आणि सीटवरचं प्लास्टिक काढायचं की ठेवायचं यावरून घरात दोन तट पडतात. गाडी घेणाऱ्याने तोवर रंग, एअरबॅगा, मागचा कॅमेरा, स्क्रीन किती इंची, सगळ्याचा अभ्यास केलेला असतो. त्यालाच विचारा, टायर कुठल्या कंपनीचे आहेत? तो खाली वाकून बघतो.

वाकावं लागतं, कारण ते त्याने निवडलेलेच नसतात. गाडीच्या कंपनीने निवडलेले असतात, आणि गंमत म्हणजे निवडताना तिने आपलंच ऐकलेलं असतं. गाडी दिसली की आपला पहिला प्रश्न, "किती देते?" त्या प्रश्नाचं उत्तर चांगलं यावं म्हणून कारखान्यातून बसून येणारा टायर बहुधा हलका आणि सहज घरंगळणारा मागवतात. टायर रस्त्याशी जितकं कमी भांडेल तितकं पेट्रोल कमी. शिवाय तो आवाज न करणारा हवा आणि घाऊक भावात परवडणारा हवा. तो किती वर्षं टिकेल हा मुद्दाही यादीत असणारच, पण पहिल्या ओळीत नसावा असा माझा आपला अंदाज. म्हणूनच त्याच नावाचा, त्याच नक्षीचा टायर पुढे दुकानातून घेतला तरी तो पहिल्यासारखा वागेलच असं नाही. आतला मसाला वेगळा असू शकतो. आणि या टायरांबद्दल तक्रार असली, तर गाडीची वॉरंटी बहुतेक वेळा त्यांच्यासाठी नसतेच. वॉरंटी टायर कंपनीची, तीही बनावटीतल्या दोषापुरती. खड्डा हा बनावटीतला दोष नव्हे. निदान टायरच्या बनावटीतला नव्हे.

हे कारखान्यातले टायर आपल्या रस्त्यांवर साधारण चाळीस ते पन्नास हजार किलोमीटर चालतात. हवा वेळच्या वेळी, अलाइनमेंट नीट आणि पाय ब्रेकवर हलका असेल तर आणखी थोडे. नाहीतर तीस हजारांतच गोटा. हा हिशोब पुष्कळांना पाठ असतो, आणि खरी भानगड तिथेच आहे. आमच्या सोसायटीच्या खजिनदारकाकांना तो जरा जास्तच पाठ आहे.

काका बँकेतून निवृत्त. गाडी सात वर्षांची, फिरलेली एकोणीस हजार. वर्षातून एकदा सप्तशृंगी गड, कधीमधी एखादं लग्न, आणि दर रविवारी सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू करून शेजारी उभं राहणं. एरवी गाडी कव्हराखाली. गाडीच्या वयाचा विषय निघाला की काकांचं ठरलेलं वाक्य, "अहो, पण गाडी फिरलीय कुठे?" त्यांच्या मते पन्नास हजारांतले एकोणीस वापरले, एकतीस हजार शिल्लक. टायर म्हणजे मुदत ठेव, हात लावला नाही की ती वाढते, असा त्यांचा पक्का समज.

नातू पुण्याहून येणार आणि त्याला घेऊन गडावर जायचं ठरलं, तेव्हा काकू म्हणाल्या की एकदा टायर दाखवून आणा. आता आमच्या सातपूरला सिएटचा कारखाना आहे, त्यामुळे नाशकात प्रत्येकाचा एक तरी मेहुणा टायरमधला जाणकार असतो. काकांच्या मेहुण्याने फोनवरूनच टायर बघितले आणि "अजून दोन वर्षं काढतील" असा निर्वाळा दिला. काकूंनी आपल्या भावाचं आजवर कधी ऐकलेलं नव्हतं, ते तेव्हाही ऐकलं नाही. साक्षीदार म्हणून मला बरोबर धाडलं.

टायरच्या दुकानातला शेठ जुना माणूस. त्याने गाडीला फेरी मारली, बसला, टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काका, नक्षी एक नंबर आहे."

काका माझ्याकडे बघून हसले.

"पण टायर बाद आहे," शेठ म्हणाला.

मग तो वाचायला बसला. टायरच्या कडेवर एवढं छापलेलं असतं की एक दिवाळी अंक निघावा. १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असलं तर रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ६५ टक्के, आणि आतली रिम १५ इंची. पुढे वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. काकांनी गाडी कधी सत्तरच्या वर नेलेली नाही, तरी हे ऐकून त्यांची छाती जरा फुगली. पण शेठ शोधत होता तो लंबगोलातला चार आकडी शिक्का. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आणि हा शिक्का पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो. ती बाजू गाडीच्या पोटाकडे वळलेली असली, की शोधणाऱ्याने मोबाइलची बॅटरी लावून जमिनीवर आडवं व्हायचं. शेठने पोऱ्याला आडवं केलं.

"२६१८," गाडीखालून आवाज आला.

"२०१८चा सव्विसावा आठवडा. जून अखेर," शेठ म्हणाला.

"गाडी मी दसऱ्याला घेतली," काका म्हणाले. सुरात अशी भावना की मधल्या साडेतीन महिन्यांची जबाबदारी आपली नाही.

(तुम्हाला कधी चारऐवजी तीनच आकडे सापडले, तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. त्याला हवा भरू नका, हार घाला.)

काकांनी मग ते वाक्य उच्चारलंच. शेठने ते त्यांच्याआधी अनेक काकांकडून ऐकलेलं असावं. त्याने कडेवरच्या केसाएवढ्या बारीक भेगा दाखवल्या. "फिरली नाही म्हणूनच," तो म्हणाला.

यातलं शास्त्र शेठने त्याच्या भाषेत सांगितलं, मी माझ्या भाषेत सांगतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता देऊन रबर पक्कं करायची युक्ती शोधली. त्याआधीचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. या शोधापायी बिचारा कर्जातच मेला, आणि आज ज्या कंपनीला त्याचं नाव आहे ती त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी दुसऱ्याच माणसांनी काढली. तर हे पक्कं झालेलं रबर तिथेच थांबत नाही. ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन मिळून ते आणखी कडक आणि ठिसूळ करत राहतात. हे टाळायला रबरात मेण आणि इतर रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दाबला जातो, मोकळा होतो, तशी ती आतून पृष्ठभागावर येतात आणि एक पातळ थर धरतात. उभ्या गाडीच्या टायरला हे मर्दन मिळतच नाही. शिवाय सगळं वजन महिनोन्महिने एकाच जागी. आणि काकांचं ते कव्हर? ते रंग वाचवतं. टायर त्याच्या खालून बाहेर डोकावत असतात, आणि आमच्या पार्किंगमध्ये दुपारचं ऊन नेमकं तेवढ्याच पट्ट्यात येतं.

म्हणजे टायरला वयं दोन, आणि जे आधी भरेल ते खरं. पाच वर्षं झाली की दर वर्षी जाणत्याकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असो, काढून टाका, असं टायर कंपन्याच सांगतात. शेठ सहाव्या वर्षीच काढायला सांगतो. त्याच्या सांगण्यात थोडा धंदा आहे आणि थोडं आपल्याकडचं ऊन आहे. मी स्वतः शेठच्या बाजूने आहे.

नक्षीचंही सांगून टाकतो. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटरवर कायद्याने त्याचं आयुष्य संपतं. ते मोजायला अमेरिकेतले लोक एका सेंटचं नाणं खाचेत उलटं घालून लिंकनचं डोकं कितपत बुडतं ते बघतात. आपल्याकडे नाण्यांचे आकार इतक्यांदा बदलले की असली परंपरा रुजायला वेळच मिळाला नाही. गरजही नाही. टायरच्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. तिथून सरळ खाचेत बघितलं की तळाशी एक उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की संपलं. पण ही कायद्याची मर्यादा झाली, कसारा घाटाची नव्हे. खाचेचं खरं काम चाकाखालचं पाणी बाहेर फेकणं. जुलैत इगतपुरीला जो कोसळतो, त्याला १.६ मिलिमीटरची खाच काय पुरणार? पाणी हटलं नाही तर गाडी रस्त्यावरून नाही, पाण्यावरून चालते, आणि तिथे स्टिअरिंग नुसतं हातात असतं. तीन मिलिमीटर उरले असतील तर मी जूनच्या आधी टायर बदलतो.

झिजण्याची तऱ्हाही मालकाचा स्वभाव सांगते. मधोमध झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड गेली तर अलाइनमेंट. आणि कडेला फुगा आला असेल तर वय, नक्षी काही बघू नका. आतले धागे तुटलेले आहेत, टायर आजच काढा.

हवेवरून मात्र दुकानात शास्त्रार्थ झाला. "उन्हाळ्यात दोन-चार पॉइंट कमीच ठेवतो मी, गरम होऊन फुटायला नको," काका म्हणाले. ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि ती साफ उलटी आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि तापून फुटते. समृद्धी महामार्गावर गाडी कमी हवेच्या जुन्या टायरांवर ताशी १२०ने तासन्‌तास पळवली, तर नशिबावर फार भार पडतो. किती हवा ठेवायची ते गाडीवाल्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, आणि ती मोजायची टायर थंड असताना. शेठ म्हणाला, "नायट्रोजन भरू?" काकांमधला बँकर जागा झाला. "हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो." शेठ शांतपणे म्हणाला, "मग बाकीच्या बावीस टक्क्यांचे पैसे द्या."

इथून घासाघीस सुरू झाली. काका म्हणाले, दोनच घेऊ, दोन दिवाळीनंतर. शेठ म्हणाला, चालेल, नवे मागे घालतो. काका उखडले. "इंजिन पुढे, ब्रेकचा जोर पुढे, झिजतात पुढचे, आणि नवे मागे?" ऐकायला विचित्र वाटतं, पण शेठचं बरोबर होतं. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळायची तेवढी वळत नाही आणि पाय उचलला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणं तुमच्याआमच्या हातातलं नाही. मग काकांनी हुकमाचं पान काढलं. "तीन द्या. स्टेपनी कोरी आहे. तिने लिंबूसुद्धा चिरडलेलं नाही." पोऱ्याने डिकी उघडली. २५१८. बाकीच्यांपेक्षा आठवडाभराने मोठीच निघाली.

काकांनी घरी फोन लावला. काकूंचा आवाज शेठलाही ऐकू आला. "नातू बसणार आहे ना गाडीत? मग चार घाला आणि वेळेवर जेवायला या."

चार बसले. स्टेपनीचा निकाल पुढच्या महिन्याच्या पेन्शनवर गेला. बॅलन्सिंग झालं, रिमला वजनं ठोकली गेली, अलाइनमेंट झाली. जुने टायर काकांना घरी न्यायचे होते, एकाचा झोपाळा आणि बाकीच्यांत गच्चीवर झेंडू. मी मोडता घातला. पावसाळ्यात टायरमध्ये पाणी साचतं, डेंगीचा डास तिथेच अंडी घालतो, आणि खजिनदाराच्या गच्चीवर तो सापडला तर पुढची वार्षिक सभा कोण आवरणार? जुने टायर शेठकडेच राहिले, पण त्याआधी मी चारही टायरांच्या कडेला त्याच्याकडून चिरा मारून घेतल्या. बाजारात गोटा टायरला सुरीने नव्या खाचा कोरून, वर काळं पॉलिश मारून विकणारे महाभाग आहेत. आपला बाद टायर दुसऱ्याच्या गाडीला लागू नये, एवढी काळजी तुम्हीही घ्या.

आणि दुकानात गेलात तर नव्या टायरवरचे चार आकडे तो रिमवर चढायच्या आधी स्वतः वाचा, बिलावर लिहून घ्या. कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेला माल असेल तर दुसरा मागा. एकदा रिमवर चढलेला टायर कुठलाही दुकानदार परत घेत नाही.