सांबऱ्यात उतरलेली सेवा

सांबऱ्याच्या माणसाला विमानाचं अप्रूप नाही. इंग्रजांनी 1942 मध्ये इथं धावपट्टी केली, तेव्हापासून आमच्या म्हशीसुद्धा मान वर न करता रवंथ करतात. पण त्या दिवशी मी विमानतळाच्या दारात पाटी धरून उभा होतो आणि गावातला जो तो रिक्षा थांबवून विचारत होता, "कुणाची वाट बघालास?"

"अमेरिकेतनं नऊ माणसं यायलीत. सेवा करायला."

"मग आमच्याकडं पाठव की. लावणी राहिलीया."

जुलै महिना होता. तिकडं शाळांना सुट्टी, इकडं बेळगावी पाऊस. एका चर्चची ही मंडळी बेळगावातल्या एका जुन्या मिशन कंपाउंडात दहा दिवस राहणार होती आणि मी त्यांचा दुभाष्या. पर्यटक व्हिसावर आलेल्याला आपल्याकडे धर्मप्रचार करता येत नाही. तेव्हा देवाचं नाव मनात ठेवायचं आणि व्हरांड्याची भिंत रंगवायची, असं ठरलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या म्होरक्या बाईंनी भिंतीवर एक तक्ता डकवला. ख्रिस्ती बंधुभावानं एकत्र राहायचं तर कामं वाटून घ्यायला हवीत. कुणी कधी भांडी घासायची, कुणी केर काढायचा, कुणी न्हाणीघरात किती मिनिटं राहायचं, सगळं रंगीत पेनानं लिहिलेलं. गुरुवारी भांड्यांवर माझं नाव होतं. माझ्या घरी हे कळलं असतं तर बायकोनं तक्ता झेरॉक्स करून नेला असता.

स्वयंपाकाच्या मावशींनी तो बघितला. "हे काय? शाळेचं टाइमटेबल?" मी समजावून सांगितलं. मावशींनी पदर खोचला. "पावण्यानं भांडी घासायची? आणि मी काय करू, भजन म्हणू?" झालं. त्या दिवसापासून नऊ सेवेकऱ्यांपैकी एकालाही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता आला नाही. हजारो कोसांवरून दुसऱ्याची सेवा करायला आलेली माणसं ताटावर बसून हात चोळत होती आणि मावशी वाढतच होत्या. "खावा की. लाजू नका." खर्डा तोंडात गेल्यावर एका उंच पाहुण्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. मावशींना वाटलं, घरची आठवण आली. त्यांनी प्रेमानं आणखी वाढला.

खरी कसोटी भांड्यांची नव्हतीच, कपड्यांची होती. बेळगावच्या जुलैत टॉवेल वाळवणं हे एका माणसाचं काम नाही, नऊ माणसांचं तर मुळीच नाही. सगळ्या हॉलभर दोऱ्या बांधलेल्या. प्रार्थनेला वाकलं की कुणाची तरी ओली विजार मानेला लागे. रात्री सगळे गोल करून बसत आणि मनातलं बोलत. पाण्याचा बंब एक आणि तक्त्यात प्रत्येकाला आठ मिनिटं. त्यात एका मुलीला पाच दिवस कोमट पाणीच मिळालं होतं. ती डोळे पुसत म्हणाली, "मला इथं कुणी विचारातच घेत नाही असं वाटतं." मी मावशींसाठी मराठी केलं. मावशी म्हणाल्या, "तर मग पाचाला ऊठ की! बंब मी पेटवतोय." (हो, मावशी सुद्धा 'पेटवतोय'च म्हणतात. बेळगावात लिंगाचा एवढा काच नाही.) ती मुलगी पाचाला उठली. बाकीच्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं. माझ्या मते दहा दिवसांत सुटलेला तेवढा एकच प्रश्न.

बेळगावला पाहुण्या मिशनऱ्यांची सवय जुनी आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये इथं आले. पुढे 1904 मध्ये ते काम अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. ती माणसं वर्षानुवर्षं राहायची. भाषा शिकायची, निदान शिव्या तरी कळायच्या. आमच्या नऊजणांना दहा दिवसांत जमतील ते शब्द मी शिकवले: 'बस', 'पुरे', 'नको'. मावशींवर तिन्हींचाही उपयोग झाला नाही.

मग भिंत. रंग देऊन झाला आणि बाई म्हणाल्या, "वर स्थानिक भाषेत 'स्वागत' लिहू. इथली भाषा कोणती?"

व्हरांड्यात शांतता पसरली. वॉचमनमामा कन्नड, मावशी मराठी, पेंटर दोन्ही, पाळकसाहेब पावसाकडे बघू लागले. पेंटरनं टेप काढली. पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा इथला कायदा. भिंत ही पाटी आहे का, इथून सुरुवात झाली. मामा म्हणाले, वर कन्नड. मावशी म्हणाल्या, खाली का होईना, पण जाड अक्षरात मराठी. शब्द दोन्हीकडे 'स्वागत'च, भांडण फक्त लिपीचं, हे कळल्यावर पाहुणे आळीपाळीनं आमच्याकडे आणि भिंतीकडे बघत राहिले.

मी त्यांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. 1883 मध्ये त्या इंग्लंडात वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या, तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ताटात शाकाहारच ठेवला, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत असू देत, म्हणून वाद घातला. देव एक, पण अक्षरावरून मठातसुद्धा वाजलं. ऐकून बाईंना धीर आला. शेवटी पेंटरनं भिंतीवर आंब्याचं झाड काढलं. त्याच्या पानांवरून अजून कुणी भांडलेलं नाही.

निघायच्या दिवशी मावशींनी प्रत्येकाच्या बॅगेत दोन-दोन किलो कुंदा कोंबला. सांबऱ्याला वजनकाट्यावर नऊच्या नऊ बॅगा जास्त भरल्या. जादाचे पैसे द्यायचे की कुंदा काढायचा? कुंदा निघाला. दारातल्या बाकड्यावर डबे उघडले, शेजारच्या प्रवाशांना बोलावलं, रिक्षावाले आले, ती लावणीवाली असामीही हात पुढं करून आली. हाताला तूप, बोटाला साखर, आणि पुढ्यात नऊ रिकामे डबे.

बाईंनी पर्समधून घडी केलेला तक्ता काढला. वार गुरुवार होता.

मी नळ शोधायला उठलो.