'म्या काहीच नाही केलं, भाऊ!'

खामगावच्या बाजारात, चिखलीच्या एसटी स्टँडजवळ, मेहकरला तहसीलच्या रस्त्यावर, कुठंही जा, भाऊ भेटतोच. त्याच्या दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, रेल्वे तिकीट, लग्नपत्रिका एवढं सगळं मावतं आणि खाली जागा उरली म्हणून बारीक अक्षरात 'कम्प्युटर रिपेअरिंग' येतं. 2001 साली एमएस-सीआयटी सुरू झालं, त्या सुरुवातीच्या काळातलं त्याचं प्रमाणपत्र गजानन महाराजांच्या तसबिरीखाली फ्रेम करून लावलेलं आहे. पुढचं सारं शिक्षण लोकांच्या मशीनवर झालं. मशीनवाल्यांना ते माहीत नसतं, हे दोघांच्याही भल्याचं.

भाऊचं नाव झालं ते गोळीच्या माउसवर. खामगाव म्हणजे कापसाचा गाव. जिनिंगच्या ऑफिसात हवेतच धूळ आणि तंतू. माउसच्या पोटातली रबरी गोळी टेबलावर फिरताना ते सगळं आत ओढून घ्यायची आणि आतल्या दोन बारीक रुळांवर त्याची काळी पट्टी बसायची. एक रूळ उभ्या चालीचा, एक आडव्या. आडवा अडला की पडद्यावरचा बाण फक्त वर-खाली जायचा आणि मुनीमजी 'व्हायरस आला' म्हणून निरोप धाडायचे. भाऊ यायचा, माउस उलटा करून झाकण फिरवायचा, गोळी तळहातावर घ्यायचा, रूळ नखानं खरवडायचा, गोळी शर्टाला पुसून आत टाकायचा. व्हायरस गेला! एकदा तर गोळीच नव्हती. शिपायाचा मुलगा ती अंगणात खेळायला घेऊन गेला होता. माउसचा पहिला नमुना 1964 साली अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी केला, तो लाकडाचा होता. तीच रीत पुढं चालली असती तर भाऊच्या जागी सुतार बसला असता.

पुढं खाली लाल उजेडाचे माउस आले आणि भाऊची नखं वाचली. पण धंदा काही बसला नाही. आपल्याकडं साहेबाच्या टेबलावर काच असते, काचेखाली देवाचा फोटो आणि पोराच्या शाळेचं वेळापत्रक. हा माउस खालच्या पृष्ठभागाची चित्रं भराभर टिपून चाल ओळखतो. नितळ काचेवर त्याला धरायला काही सापडत नाही आणि बाण देवाच्या फोटोवर येऊन थरथरतो. 'भाऊ, नवा माउस आना.' भाऊ नवा आणत नाही. तो कालचा 'देशोन्नती' घडी करून माउसखाली सरकवतो. चाल लागते. साहेब मात्र हिरमुसतात, कारण मंजूर झालेली रक्कम आता दुसऱ्या कशावर खर्चावी लागणार.

खरी जत्रा जुलैत भरते. खरीप पीक विम्याची मुदत अंगावर, दारात शेतकरी, आत पोरगं अर्ज भरतंय, आणि नेमकं त्याच आठवड्यात माउसचं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं वागतं. बटणाखाली तांब्याची एवढीशी पातळ पट्टी असते. लाखो वेळा दाबून ती थकते आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. लोक फार तर म्हणतात, 'लयच घाई करून राहिला.' खरं दुखणं मात्र फाईल ओढताना कळतं. बोट दाबलेलंच असतं, पण माउसला वाटतं सोडलं, आणि फोल्डर वाटेतच शेजारच्या फोल्डरात पडतं. आजार माउसला, आणि पत्ता फाईलचा लागत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी अशाच एका सकाळी घामाघूम होऊन आले.

'शायेचा सारा डाटा उडाला राजेहो! म्या काहीच नाही केलं.'

'उडाला नाही, हलला असंन,' भाऊ म्हणाला. 'डी ड्राइव्हमधी ओढत होते का?'

'म्या हात लावला नाही त ओढू कायले?'

पुढं निष्पन्न झालं की गुरुजींनी हात लावला होता. विंडोजचा कायदा असा की एकाच ड्राइव्हवर ओढलेली फाईल जुन्या जागेवरून निघून नव्या जागी जाते. पेन ड्राइव्हवर ओढली तर मूळ जागच्या जागी राहते आणि नक्कल जाते. गुरुजींचं 'पोषण आहार' सुखरूप होतं, फक्त 'सहल फोटो'च्या पोटात. भाऊनं कंट्रोल आणि झेड एकदम दाबलं, आणि बालक पुन्हा आईच्या घरी आलं.

पेन ड्राइव्हवरून पुसलेल्या फाईलला मात्र हा उतारा सहसा चालत नाही, कारण तिथली फाईल रिसायकल बिनमध्ये येतच नाही. अशा वेळी भाऊ भविष्य सांगतो, भेंडवळच्या घटमांडणीत पावसाचं सांगतात तसं मोघम आणि ठाम: 'येईन बी आणि नाही बी.' तोवर गिऱ्हाइकाला त्यात नवी फाईल टाकू नको, एवढी शपथ घालतो. हे मात्र शास्त्राला धरून आहे. पुसलेल्या फाईलची जागा नुसती मोकळी धरलेली असते. वर नवं काही लिहिलं गेलं की संपलं.

सातबाऱ्याची तर वेगळीच गोष्ट. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला, तो उतरवून ठेवायचा, तर नाव द्यायला नको? शेतकरी बाबा मोठ्या हौसेनं '7/12' लिहायला सांगतात आणि विंडोज नाही म्हणतं. तिरपी रेघ त्याला नावात चालत नाही. साऱ्या महाराष्ट्राची शेती ज्या कागदावर उभी, त्याचंच नाव नामंजूर! म्हणून भाऊच्या डेस्कटॉपवर '7-12 नवा', '7-12 नवा खरा', '7-12 नवा खरा शेवटचा' असं गोकुळ नांदतं. दुसऱ्याची फाईल क्षणात हुडकणारा हा माणूस स्वतःच्या मशीनवर 'न्यू फोल्डर'च्या चाळीत हरवतो. यावर बोललेलं त्याला खपत नाही.

भाऊचा सगळ्यात मोठा शोध मात्र तांत्रिक नाही. गुरुजींचं काम झाल्यावर त्यानं शंभर रुपये मागितले, तेव्हा ते म्हणाले, 'दोन बोटं दाबायचे शंभर? मंग हार्मोनियमवाल्याले किती द्याचे?' भाऊ तिथंच शहाणा झाला.

आता तो आधी कॅबिनेट उघडतो. ब्लोअर लावतो, दुकानात आणि रस्त्यावर धुरळा उडतो, दोन माणसं उठून बाहेर जातात. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासतो, उजेडाकडं धरून बघतो, मान हलवतो. मग पट्टी बसवून, मशीन चालू करून, अंगानं पडदा झाकत हळूच माउसनं हलवलेले फोल्डर जागेवर आणतो.

'किती घाण होती बाप्पा!' गिऱ्हाईक नोट काढत म्हणतं. 'आता उघडलंच हाय, त त्या कीबोर्डालेबी हवा मारून द्या.'