आधी तो डीजे बंद करा!

जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या. दिवाळीच्या सुट्टीत तिथे शेजारच्या तंबूतून हमखास मराठी ऐकू येतं. एवढा लांबचा प्रवास माणूस कशासाठी करतो? रात्र वाळूत काढायची, आभाळ बघायचं, शांतता अनुभवायची म्हणून. नेमकी तीच तिथे मिळत नाही.

मी उतरलो होतो त्या कॅम्पवर संध्याकाळी मांगणियार लोककलाकार आले. त्यांतले एक वयस्कर खांसाहेब कमायचा हे तंतुवाद्य वाजवत होते. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, हातात घोड्याच्या केसांचा गज. गज तारांवर टेकला की सूर कानात नाही, छातीत घुमतो. याच वाद्यासाठी हमीरा गावच्या साकर खान यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. आमच्या खांसाहेबांना मात्र जेमतेम वीस मिनिटं मिळाली. कुणीतरी 'आता जरा नाचायचं लावा' म्हणालं आणि भिंतीएवढे स्पीकर सुरू झाले. खांसाहेबांनी कमायचा कापडात गुंडाळला, नीट गाठ मारली आणि ते उठून गेले. मला तिथे बसवेना.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. या वाळूला लागूनच ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे. माळढोकाचा हा अखेरचा मोठा आसरा. जगात आता दीडशेच्या आसपासच माळढोक उरलेत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पाखराच्या शेजारी मध्यरात्र उलटेपर्यंत प्रखर दिवे आणि दणदणाट? दिवसा टेकड्यांवर जीप उधळायच्या त्या वेगळ्याच. माळढोक गेला म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य केलं. आज तिथे माळ आहे, पाटी आहे, पक्षी दिसायची मारामार आहे.

त्या रात्री साडेबाराला कॅम्पचा जनरेटर बंद झाला. दिवे गेले आणि तारे थेट क्षितिजापर्यंत खाली आले. लांब कुठेतरी उंटाच्या गळ्यातली घंटा वाजली, तेवढाच आवाज. पहाटे तंबूबाहेर वाळूवर भुंगेऱ्याच्या पायांची रांग उमटली होती, शिवणयंत्राच्या टाक्यासारखी बारीक. वारा सुटला आणि ती पुसली गेली. खरं वाळवंट मला मिळालं ते एवढंच, रात्री साडेबारा ते पहाट.

कॅम्पवाले म्हणतात, पाहुण्यांनाच डीजे हवा असतो. पाहुणे म्हणजे आपणच की! म्हणून यंदा बुकिंगचा फोन कराल, तेव्हा दर विचारण्याआधी डीजे आहे का ते विचारा. आहे म्हणाले, तर पैसे भरू नका. दुसरा कॅम्प शोधा, आणि का शोधताय तेही त्यांना सांगा.