चुंबकाची फिर्याद

रक्तात लोह आहे, लोहाला चुंबक ओढतो, सबब मनगटास चुंबक बांधला की रक्ताभिसरण सुधारून संधिवात हद्दपार होतो, हा युक्तिवाद ज्या निःशंकपणे केला जातो तो पाहता, दीड टेस्लाच्या एम.आर.आय. यंत्रातून रुग्ण सदेह बाहेर येतो आणि त्याचे रक्त यंत्राच्या भिंतीस चिकटून राहत नाही, हा त्या यंत्राचाच नालायकपणा समजावा लागेल.

चुंबकाने रोग हटविण्याचा दावा काही नवा नाही. मेस्मर नामक वैद्याने पॅरिसात रोग बरे करणाऱ्या 'प्राणिज चुंबकत्वा'चे प्रस्थ माजविले, तेव्हा फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने १७८४ साली चौकशीस आयोग नेमला. त्यात विजेचा अभ्यासक बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता. पॅरिसलगतच्या पासी येथे फ्रँकलिनच्या बागेत, मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूचे एक झाड 'भारून' ठेवले आणि डोळे बांधलेला बारा वर्षांचा मुलगा झाडामागून झाड कवटाळीत निघाला. चौथ्या झाडापाशी तो रीतसर मूर्च्छित पडला. ते झाड भारलेले नव्हते. (भारलेला जर्दाळू बिचारा दूर उभा, त्याची साक्ष काढण्याची तसदी मुलाने घेतली नाही.) आयोगाने फैसला दिला की, गुण येतो तो रुग्णाच्या कल्पनेने.

फैसला झाला तो झाला. चुंबकाच्या गाद्या मात्र हप्त्याने मिळतात.