स्वेच्छेने हजर राहावे

‘शनिवारी सकाळी सात वाजता सर्वांनी स्वेच्छेने हजर राहावे, न येणाऱ्यांनी कारण लेखी कळवावे,’ असा कंपनीचा मेल आला की समजावं, पाऊस लागला आणि वृक्षारोपण जवळ आलं. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हा त्यांना लेखी कारणाची कल्पना काही सुचली नसावी. पुढे २०१३च्या कंपनी कायद्याने बड्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यासाठी काढायला लावले आणि बोरिवली-मुलुंडच्या टेकड्यांना दर जुलैत माणसांचा बहर येऊ लागला.

यंदा रोपं फक्त देशी, असा हुकूम होता. तो रास्तच. हिरवळ झटपट दिसावी म्हणून एके काळी मध्य अमेरिकेकडचं गिरिपुष्प आणि सुबाभूळ इथे भरमसाट लावलं गेलं. ते फोफावलं, इथल्या पाखरांच्या पोटापाण्याचं मात्र कुणी पाहिलं नाही. म्हणून आता ऐन, कुसुम, पळस, बहावा, उंबर. लावणारे आम्ही कानपूर, कोट्टायम आणि कणकवलीचे. त्या उतारावर अस्सल स्थानिक म्हणावीत ती रोपंच.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान शेजारीच पसरलेलं. एचआरच्या मॅडमनी दबक्या आवाजात विचारलं, “इकडे बिबट्या येतो का हो?”

“येतो ना,” खड्डे खणून ठेवलेल्या पाड्यावरच्या मावशी म्हणाल्या, “पण तो रात्रपाळीला.”

पहिलं रोप मोठ्या साहेबांनी लावलं, काळ्या पिशवीसकट. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. मावशींनी मुकाट्याने रोप वर काढलं, ब्लेडने पिशवी उभी चिरली, मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू न देता खड्ड्यात सोडला आणि कडेची माती टाचेने दाबली. “पिशवीला मुळं फुटत नाहीत, साहेब.” साहेबांनी हा मुद्दा मिनिट्समध्ये घ्यायला सांगितला.

“रिझल्ट कधी दिसेल?” साहेबांचा पुढचा प्रश्न. या जंगलातली कारवी फुलायलाच सात-आठ वर्षं घेते. आमच्या ऑफिसात असती, तर पहिल्याच अप्रेझलला तिच्या हातात नारळ पडला असता.

मावशींनी बोटांवर हिशेब मांडला. दोन-तीन वर्षं तण काढायचं, घाणेरी माजू द्यायची नाही, उन्हाळ्याआधी वणव्यासाठी जाळरेषा काढायची, पाणी घालायचं. मग झाड आपलं आपण बघतं.

“तुमची माणसं परत कधी येणार?”

“पुढच्या जुलैत.”

“जुलैत पाणी वरनंच येतं. एप्रिलात या.”

मी ही सूचना रीतसर मेलने वर कळवली. उत्तर तत्परतेने आलं: ‘सूचना स्तुत्य आहे. तथापि, एप्रिलमध्ये ऊन फार असल्याने स्वयंसेवकांच्या प्रकृतीचा विचार करता ती मान्य करता येत नाही.’